चौदा नंबरची खुर्ची

समिती अकराला येणार होती आणि साडेआठला कुलूपरावांच्या हाताला चौदावी व्हीलचेअर मऊ लागली.

व्हीलचेअर मऊ लागायला नको. ती लोखंडाची असते, निदान सरकारी रुग्णालयाच्या भांडारातली तरी. कुलूपराव फडक्याने प्लॅस्टिकवरची धूळ झटकत होते. घडी घालून भिंतीला टेकवलेल्या एक ते तेरा नंबरच्या खुर्च्या पुसून झाल्या, चौदावीवर फडकं फिरवलं आणि हात आत गेला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा आत गेला. मग त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच कोणी न मागता एका वेष्टनाची चिकटपट्टी सोडवली. आतून दोन उशा, पडद्याचा एक मोडका सांगाडा आणि जुनं ब्लँकेट निघालं. बाहेरची चिठ्ठी मात्र जागच्या जागी होती: 'व्हीलचेअर, नग एक, क्रमांक चौदा', आणि खाली त्यांची स्वतःची वळणदार सही.

कुलूपराव हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कागदोपत्री ते भांडारपाल होते, समोरासमोर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि पाठ वळली की कुलूपराव. चौतीस वर्षांत त्यांच्या भांडारात एक टाचणी कमी भरली नव्हती. यामागचं तत्त्व साधं होतं. वस्तू बाहेर गेली की वापरली जाते, वापरली की झिजते, आणि झिजली की वरून कोणीतरी विचारतं. तेव्हा मुळात ती बाहेर जाऊच द्यायची नाही. एकदा दिवे गेले असताना त्यांनी मोठ्या मनाने भांडारातली टॉर्च काढून दिली होती. अकरा वर्षं जपलेली ती टॉर्च दिसायला अगदी कोरी होती. पेटली तेवढी नाही, आणि तासाभरात परत जमाही झाली.

सोळा दिवसांनी ते निवृत्त होणार होते. ताबा देताना सगळ्या वस्तू जुळल्या तरच निवृत्तिवेतनाचे कागद पुढे सरकतात. एखादी कमी पडली की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत कागद कपाटात. त्यांच्या ओळखीचा एक भांडारपाल एका स्टीलच्या बादलीपायी सहा वर्षं हेलपाटे घालत होता. बादली शेवटी सापडली, पण तोवर तिला भोक पडलेलं होतं, त्यामुळे आता भोकाची चौकशी सुरू होती.

त्यात आज संसदेची समिती. आरोग्यावर दिलेला पैसा सत्कारणी लागला की नाही, हे पाहायला ती गावोगावची रुग्णालयं तपासत फिरत होती. आठवड्यापूर्वी आलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'विशेष निधीतून खरेदी केलेल्या चौदा व्हीलचेअरचा रुग्णांना किती लाभ झाला, याची समिती प्रत्यक्ष खातरजमा करील.' कुलूपरावांनी त्यातल्या 'चौदा' या शब्दाखाली लाल रेघ मारून ठेवली होती. बाकीचं वाक्य त्यांना पाल्हाळ वाटलं होतं.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. भांडाराची किल्ली त्यांच्या कमरेवरून हलत नसे. हलली होती ती एकदाच, चार महिन्यांपूर्वी. मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांनी तीन दिवसांची रजा घेतली आणि किल्ली अधीक्षकांकडे दिली. अधीक्षकांना किल्ली, शिक्का, मोबाईल असं काहीही हातात टिकत नसे. त्यांनी ती हमखास पहिल्या समोर आलेल्या माणसाकडे दिली असणार, आणि अधीक्षकांच्या खोलीसमोरच कोणाचं टेबल होतं, हे अख्ख्या रुग्णालयाला ठाऊक होतं.

"सिस्टर!"

इन्चार्ज सिस्टर औषधांचा ट्रे लावत होत्या. या दोघांचं हाडवैर जुनं होतं. व्हीलचेअर आल्यापासून आठ महिन्यांत सिस्टरांनी सतरा मागणीपत्रं दिली होती. दर वेळी 'मागणीचे कारण' या रकान्यात त्या एकच शब्द लिहीत: 'वापरासाठी'. दर वेळी कुलूपराव खाली शेरा मारत: 'कारण पुरेसे नाही.' एकदा चिडून सिस्टरांनी सहा रुग्णांची यादी जोडली, तर मागणीपत्र बारा दिवसांनी परत आलं. त्यावर लिहिलं होतं, 'सर्व रुग्ण दरम्यान घरी गेल्याने मागणी निकाली.'

"सिस्टर, चौदा नंबर कुठंय?"

"कोण चौदा नंबर? कॉटवरच्या आजी? त्या एक्स-रेला गेल्यात."

"खुर्ची! वेष्टनात उशा निघाल्या. उशा!"

सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला. नाही म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यांनी क्षणात ताडलं.

"हो, मीच काढली. आणि उशा मोजून घ्या, त्या पण सरकारीच आहेत."

"अहो, चोरी म्हणतात याला! कोणाला विचारून काढलीत?"

"सतरा वेळा विचारलंय की. माणसं पाठीवर घालून आणतात हो लोक, भाऊसाहेब. त्या दिवशी फाटकात एक पेशंट अडली होती. किल्ली हातात होती. काढली."

"कोण पेशंट?"

"पेशंट म्हणजे पेशंट. तुम्हाला काय करायचंय?" सिस्टरांनी विषय तोडला. "आधी वॉर्डात फिरली, मग ज्याला गरज असेल त्याच्या घरी जायला लागली. सध्या हेडमास्तरांकडे आहे. पलीकडच्या गल्लीत. खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं."

"लोकांच्या घरी?" कुलूपरावांचा आवाज इतका चिरकला की कॉटवरच्या दोघांनी डोकी वर केली. "सरकारी वस्तू लोकांच्या घरी?"

एवढ्यात अधीक्षक आले. ते सकाळपासून तीन वेळा टाय बांधून तीन वेळा सोडून बसले होते. प्रकार कळल्यावर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं, पण अधिकारी असल्यामुळे त्यांना लगेच उपायही सुचला.

"भाऊसाहेब, परत गुंडाळून टाका. चिकटपट्टी लावा. कोण उघडून बघतंय?"

"साहेब, खोटी वस्तू मी समितीला दाखवायची? चौतीस वर्षं झाली मला!"

"मग खरी आणा! पावणेनऊ झालेत. जा ना, बघता काय!"

कुलूपराव निघाले. त्यांचा उजवा गुडघा गेले वर्षभर कुरकुरत होता, पण आज तक्रार ऐकून घ्यायला वेळ नव्हता. हेडमास्तरांचं घर जवळ, म्हणजे निरोगी माणसाला जवळ. कुलूपराव तिथे पोचले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. हेडमास्तर व्हरांड्यात काठी टेकत स्वतःच्या पायांनी येरझारा घालत होते.

"या, या! रुग्णालयातून आलात? बघा, चालतोय की नाही!"

"उत्तम चालताय. खुर्ची?"

"तुमचे कसे आभार मानू, कळत नाही. तीन आठवडे ती खुर्ची होती म्हणून मी माणसांत राहिलो. नाहीतर छताकडे बघत पडलो असतो."

"मास्तर, खुर्ची कुठे आहे?"

"आमच्या हिने त्यावर फुलाफुलांची गादी शिवून दिलीय. बसायची जागा फार टणक हो तुमची."

सरकारी मालमत्तेवर फुलाफुलांची गादी. कुलूपरावांनी डोळे मिटून घेतले. "कुठे आहे ती?"

"काल संध्याकाळी दिली. चौकातल्या लाँड्रीवाल्याच्या आईला. तिचे पाय गेलेत ना. सिस्टरना आज कळवणारच होतो. बसा, चहा टाकायला सांगतो."

"सही घेतलीत तिची?"

"आईची?" हेडमास्तर गोंधळले. "तिला लिहिता येत नाही. पण रडली बिचारी."

चौकापर्यंतचा रस्ता चढाचा होता. कुलूपरावांनी रिक्षाला हात केला. ती थांबली, पण आत आधीच चार माणसं आणि एक शिलाई मशीन होतं. ते चालत सुटले. डोक्यात एकच विचार घुमत होता: बादलीवाल्याची सहा वर्षं, खुर्चीची किती? घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं? तिने निवृत्तीनंतर नातवाला घेऊन कुठे कुठे जायचं, याची यादीही करून ठेवली होती. नातू नुकताच वस्तू धरायला शिकला होता. आज सकाळी त्याने आजोबांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा पकडला आणि सोडेचना. तेव्हा त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं. आता तो जुडगा चालताना मांडीवर आपटत होता आणि त्याचा राग येत होता.

लाँड्रीच्या दाराशी जुन्या लाकडी स्टुलावर म्हातारी बसली होती. व्हीलचेअरचा मागमूस नव्हता.

"आजी, खुर्ची कुठंय?"

"कोणती रे बाबा? घंटीची?"

"घंटीची?"

"पोराने सायकलची घंटी लावून दिली तिला काल. रस्त्यात माणसं बाजूला होत नाहीत ना. आणि पिशवी अडकवायला हूक पण लावलाय." म्हातारीच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. "सात वर्षांनी काल मी चौक बघितला बाबा. तिकडे केवढं मोठं दुकान झालंय, मला कोणी सांगितलंच नव्हतं."

कुलूपरावांना तिला रागवायचं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "आता कुठे आहे ती?"

"आत्ताच नेली पोराने. विश्रामगृहात चादरी द्यायला गेला होता, तिथे कोणी पाहुणीबाई पायरीवरून घसरली. पाय सुजला बघ तिचा. धावत आला आणि खुर्ची घेऊन गेला. म्हणाला, मोठी बाई आहे, संसदेतून आलीय."

कुलूपरावांनी भिंतीला हात टेकला. त्या विश्रामगृहात संसदेतून आलेली बाई आज एकच होती, आणि ती कशासाठी आली होती, हे त्यांना पाठ होतं.

ते विश्रामगृहाच्या फाटकाशी पोचले तेव्हा माळी पाण्याची नळी गुंडाळत होता. गाड्या दहा मिनिटांपूर्वीच गेल्या होत्या, खुर्ची डिकीत घालून. घड्याळात पावणेअकरा झाले होते. तो आख्खा रस्ता ते कसे परत आले, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. गुडघ्याला मात्र आठवलं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळे रांगेत उभे होते. अधीक्षकांचा टाय चौथ्यांदा बांधलेला होता. समोर, फुलाफुलांच्या गादीवर, सुजलेला पाय पुढे करून, समितीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. वयाने साठीच्या, आवाजाने हळू, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. खुर्चीच्या हुकाला त्यांची पर्स लटकत होती. शेजारी एक चष्मेवाले सदस्य हातात यादी घेऊन उभे होते, आणि मागे एक लेखनिक.

"गुंडाळली," अधीक्षक कुलूपरावांच्या कानात पुटपुटले. "मी स्वतः चिकटपट्टी लावली. तुम्ही फक्त गप्प बसा."

"साहेब, अहो, मॅडम ज्या खुर्चीवर..."

"गप्प म्हणजे गप्प!"

मिरवणूक भांडाराकडे निघाली. वळणावर गर्दी आडवी आली तेव्हा अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली.

भांडाराचं दार उघडलं. भिंतीला ओळीने वेष्टनं उभी होती, चकचकीत, धूळमुक्त. चष्मेवाल्यांनी पेनाच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. "एक. दोन. तीन." कुलूपराव मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजत होते. "तेरा. चौदा. बरोबर आहेत, मॅडम."

चौदा मोजून झाल्या आणि खरी चौदावी मोजणी ऐकत बसली होती. नोकरीत पहिल्यांदाच कुलूपरावांच्या भांडारात एक वस्तू जास्त झाली होती, आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता.

"या अशा बांधून का ठेवल्यात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

हा प्रश्न कुलूपरावांच्या आवडीचा होता. आठ महिने ते याच प्रश्नाची वाट पाहत होते. "खराब होऊ नयेत म्हणून, मॅडम. आठ महिन्यांत एक ओरखडा नाही."

"म्हणजे आठ महिन्यांत एकही वापरली नाही?"

कौतुकाच्या जागी हे काय आलं, ते त्यांना कळेना. अधीक्षक घाईने पुढे झाले.

"राखीव आहेत, मॅडम. आणीबाणीसाठी."

"अस्सं." अध्यक्षबाईंनी स्वतःच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं. "एक उघडून दाखवा. ती शेवटची."

शेवटी चष्मेवाल्यांनी स्वतःच चिकटपट्टी ओढली. आधी एक उशी पडली, मग दुसरी. मग ब्लँकेट सावकाश उलगडत त्यांच्या बुटांवर आलं.

"ही व्हीलचेअर?"

"हे... सुटे भाग आहेत, मॅडम," अधीक्षक म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना.

"म्हणजे चौदावी गहाळ आहे." चष्मेवाल्यांनी यादीवर फुली मारली. "विशेष निधीतली मालमत्ता. कोणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या," कुलूपराव म्हणाले.

"बाहेर कोणी काढली?"

कुलूपरावांना फक्त एक बोट वर करायचं होतं. सिस्टर दाराशीच उभ्या होत्या. कुलूपरावांनी नाव सांगितलं असतं, तर चौकशी सिस्टरांची लागली असती आणि यांचे कागद वेळेत निघाले असते. शिवाय ते खरंच होतं, खोटं बोलायचीही गरज नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. पण त्याआधी सिस्टरच पुढे आल्या आणि त्यांनी खिशातून एक चुरगळलेली शाळकरी वही काढून टेबलावर उघडून ठेवली.

"खुर्ची कोणाकोणाला दिली, ते सगळं यात आहे, मॅडम. जो नेतो तो मला येऊन सांगतो. मी लिहिते."

वही अध्यक्षबाईंकडे तोंड करून होती. पण चौतीस वर्षं टेबलाच्या पलीकडची कागदपत्रं वाचण्यात घालवलेल्या माणसाला उलटी अक्षरं म्हणजे काहीच नव्हे. कुलूपरावांची नजर सवयीने पहिल्या ओळीवर गेली.

'स्टोअरच्या भाऊसाहेबांची मुलगी. कळा सुरू. फाटक ते प्रसूती कक्ष.'

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्या दिवशी ते बाळंतिणीच्या कपड्यांची पिशवी आणायला वाटेतूनच घरी परतले होते. येऊन पाहतात तर मुलगी आत गेलेली. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या होत्या, बाळाच्या गळ्याला नाळ होती, दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. त्यांनी रिक्षावाल्याला जास्तीचे पैसे दिले होते, त्याने घाई केली म्हणून. फाटकापासून आत एवढ्या लांब ती कशी पोचली, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आणि या बाईने चार महिन्यांत, मागणीपत्रं तोंडावर परत येत असताना, एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. कुलूपरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"सिस्टर, मग तुम्हीच..." चष्मेवाले लिहू लागले.

"मी दिली," कुलूपराव म्हणाले.

सिस्टरांनी चमकून पाहिलं. अधीक्षक उशीवर बसले.

"तुम्ही दिलीत? मग सही कुठंय? पावती?"

"सही घ्यायची राहून गेली."

दाराशी गोळा झालेल्या कर्मचाऱ्यांत कुजबूज उसळली. सूर्य उगवायचा राहून गेला, असं कोणी सांगितलं असतं तरी त्यांनी आधी त्यावर विश्वास ठेवला असता. टाके काढायच्या चिमट्यासाठी या माणसाने स्वतः अधीक्षकांकडून तीन सह्या घेतल्या होत्या.

"राहून गेली," चष्मेवाल्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. "आणि आत्ता ती खुर्ची कुठे आहे?"

"मॅडम," कुलूपराव चाचरत म्हणाले, "माफ करा, पण आपण तिच्यावर बसला आहात. खाली नंबर रंगवलाय मी."

चष्मेवाले वाकले, मग गुडघ्यांवर बसले, मग मान वाकडी करून खुर्चीच्या खाली पाहू लागले. खालून त्यांचा दबका आवाज आला. "लाल रंगात आहे, मॅडम. चौदा. अक्षर सुरेख आहे."

अध्यक्षबाईंनी वही मांडीवर घेतली आणि पानं उलटू लागल्या. भाजलेला वेल्डर, फाटक ते ड्रेसिंग. डायलिसिसच्या मावशी, आठवड्यातून दोनदा. हेडमास्तर. लाँड्रीवाल्याची आई, चौक बघायला. ही शेवटची ओळ कधी लिहिली गेली, हे कुलूपरावांना कळेना. मग दाराशी उभा असलेला लाँड्रीवाला दिसला आणि कळलं. एकूण एकसष्ट नावं झाली. अध्यक्षबाईंनी चष्मेवाल्यांच्या हातातलं पेन घेतलं, बासष्टाव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे 'पाय मुरगळला, विश्रामगृह ते रुग्णालय' एवढं घातलं.

"लिहून घ्या," त्या लेखनिकाला म्हणाल्या. "भांडारपालांनी एक खुर्ची सही न घेता दिली. तिचा लाभ बासष्ट जणांना झाला. तेरा खुर्च्या त्यांनी नियमाप्रमाणे सांभाळल्या. त्यांचा लाभ कोणालाही झाला नाही. त्या तेरा खुर्च्यांच्या बाबतीत सही घ्यायला ते का विसरले नाहीत, याचा त्यांनी खुलासा करावा."

खुलासा! कुलूपरावांच्या डोळ्यांसमोर ती बादली तरळली. "मॅडम, सोळाच दिवस राहिलेत हो माझे."

"खुलासा कागदावरच लागतो, असं नाही." अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. "आम्ही चहा घेऊन येतो. तोवर या खुर्च्या जिथे असायला हव्या तिथे दिसल्या, तर हे वाक्य मी खोडते."

कुलूपरावांनी कात्री मागितली. भांडारात कात्र्या चाळीस होत्या, पण त्याही सीलबंद. पहिल्या कात्रीचं पाकीट फाडायला त्यांनी दात लावले. मग पहिलं प्लॅस्टिक कापलं गेलं. तो आवाज त्यांना असह्य झाला. दुसऱ्या वेळी तेवढा झाला नाही. पाचव्या खुर्चीला सिस्टर येऊन प्लॅस्टिक ताणून धरू लागल्या. तीन खुर्च्यांच्या हँडलचं रबर प्लॅस्टिकला चिकटून वितळलं होतं आणि एकीचं चाक जाम झालं होतं. आठ महिने जपल्याचा तो परिणाम होता. लाँड्रीवाला कुठूनतरी तेलाची बाटली घेऊन आला. वीस मिनिटांत तेराच्या तेरा खुर्च्या दाराबाहेर गेल्या, आणि त्यातल्या चार लगेच कुणाला ना कुणाला घेऊन एक्स-रेच्या दिशेने वळल्या.

अध्यक्षबाई चहा घेऊन आल्या, व्हरांडाभर एकदा नजर फिरवली आणि वाक्यावर रेघ मारली. चष्मेवाल्यांनी बारीकशी नाराजी दाखवली, पण घंटी वाजल्यावर ते बाजूला झाले. फाटकाशी गाडीत बसताना अध्यक्षबाईंनी पर्स तेवढी हुकावरून काढून घेतली. खुर्ची मागे राहिली.

कुलूपराव रिकाम्या भांडाराच्या पायरीवर बसले होते. बसले म्हणजे, उतरायला गेले आणि गुडघ्याने सरळ नकार दिला. भिंतीला धरून उठायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा खाली आले. तिसऱ्या वेळी समोर फुलाफुलांची गादी दिसली.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "एक्स-रे काढू गुडघ्याचा."

"मागणीपत्र लागेल."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला, पण खिशातून एक कोरं मागणीपत्र काढलं. त्या सवयीने ते बाळगतच असत. कुलूपरावांनी ते मांडीवर ठेवलं. वस्तू: व्हीलचेअर, क्रमांक चौदा. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. गुडघेदुखी लिहावं का? डॉक्टरांचा दाखला जोडावा का? मग त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'वापरासाठी'.

सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, शाळकरी वही काढली आणि त्रेसष्टावी ओळ लिहिली.

"मुलीचं ते..." कुलूपराव पुढे बघत म्हणाले. "सांगायचं होतंत मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही खुर्ची परत जमा केली असतीत." सिस्टरांनी मागणीपत्र पुन्हा त्यांच्यापुढे धरलं. "खाली तुमची सही राहिली, भाऊसाहेब."

कुलूपरावांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि घंटी वाजवली.